रेघ मारा, तारीख लिहा

नमस्कार मंडळी. मागच्या कार्यक्रमानंतर एका ताईंचं पत्र आलं. त्या विचारतात, काल अंड्याचा पिवळा बलक खाऊ नका म्हणायचे, आज खाल्ला तरी चालतो म्हणतात, मग या शास्त्रज्ञांचं एकदाचं ठरत का नाही? रास्त प्रश्न आहे ताई. पण उत्तर मी अंड्यावरून नाही देणार, भूकंपावरून देणार, कारण मला ते उत्तर सातवीत असताना कराडला मिळालं आणि ती वही अजून माझ्या कपाटात आहे.

साल 1967. शाळा नुकती सुरू झालेली, बाहेर पाऊस, आणि भूगोलाच्या गुरुजींनी आम्हाला एक वाक्य उतरवून दिलं, "दख्खनचे पठार हा अतिप्राचीन व स्थिर भूभाग असून येथे भूकंप होत नाहीत." हे काही गुरुजींच्या मनचं नव्हतं बरं का. तेव्हा मोठमोठे जाणकारही हेच सांगायचे, देशाचा भूकंपाचा नकाशा 1962 साली निघाला त्यातही हा भाग धोका जवळपास नाहीच अशा पट्ट्यात होता. आम्ही ते वाक्य लिहिलं, पाठ केलं, चाचणीत त्याला पैकीच्या पैकी मार्कही मिळाले.

आमच्या वर्गात कोयनेकडचा एक पोरगा होता, मामाकडं राहून शिकायचा. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, आमच्याकडं तर रात्रीची फडताळातली भांडी वाजत्यात."

गुरुजी म्हणाले, "अरे धरणाच्या कामाला सुरुंग लावत असतील."

तो म्हणाला, "सुरुंग दिवसा लावत्यात गुरुजी."

सगळा वर्ग हसला, मीही हसलो, आणि त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं भांडीवाला. तो परत त्या विषयावर काही बोलला नाही.

मग आला 11 डिसेंबर. पहाटेचे 4 वाजून 21 मिनिटं. मी आजीशेजारी झोपलो होतो आणि जाग आली ती आवाजानं, जमिनीखालून मालगाडी जावी तसा आवाज, मग वरून माती पडायला लागली, फडताळातली पितळी भांडी एकेक करून खाली आली, आणि आजीनं माझा दंड धरून मला असं ओढत अंगणात नेलं की दोन दिवस दंड दुखत होता. तिकडं कोयनानगर जवळपास जमीनदोस्त झालं. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. वीजनिर्मिती बंद पडली आणि मुंबई अंधारात गेली. धरणाला तडे गेले पण धरण उभं राहिलं, आणि ते उभं राहिलं म्हणून मी आज तुमच्याशी बोलतोय, कारण कराड त्याच नदीच्या काठावर आहे. आम्ही कित्येक रात्री थंडीत बाहेर झोपलो.

शाळा परत सुरू झाली तरी भिंतींचा भरवसा नव्हता म्हणून वर्ग लिंबाखाली भरायचा. भांडीवाला जानेवारीत आला. डोक्याचं मुंडन केलेलं. त्याची आजी भिंतीखाली गेली होती.

गुरुजींनी त्याला पुढं बोलावलं, शेजारी उभं केलं आणि म्हणाले, "जूनमध्ये तू मला काय सांगितलं होतंस ते सगळ्यांना परत सांग." त्यानं खाली बघत सांगितलं, भांडी वाजत्यात म्हणून. कुणी हसलं नाही. मग गुरुजी म्हणाले, "याच्या घरची भांडी मला सांगत होती आणि मी पुस्तकात बघत बसलो. चूक माझी आहे." मंडळी, त्या काळात गुरुजींनी पोरांसमोर चूक माझी आहे म्हणणं म्हणजे काय हे माझ्या वयाच्या श्रोत्यांना सांगायला नको.

आणि मग म्हणाले, वह्या काढा. एकजण ते पान फाडायलाच निघाला तर ओरडले, "फाडायचं नाही! रबरानं खोडायचं पण नाही. त्या वाक्यावर एक रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे अशी, आणि शेजारी आजची तारीख लिहा."

रेघ मारा, तारीख लिहा. मी परत सांगतो, रेघ मारा, तारीख लिहा. ताई, तुमच्या अंड्याचंही तेच झालंय. जुनं मत कुणी लपवलं नाही, नवी माहिती आली, जुन्यावर रेघ आली.

(इथं जाता जाता माझं एक ठाम मत सांगतो, पोरांना हातानं वही लिहू द्या. मोबाईलवरचा पीडीएफ बदलला की आधी काय होतं ते कळतच नाही, वहीत चूक दिसत राहते आणि ती दिसायला पाहिजे.)

तर पुढं. वर्षभरात गुरुजींनी नवं वाक्य दिलं, "मोठ्या धरणाच्या पाण्यामुळे पठारावर भूकंप होऊ शकतो, एरवी हा भूभाग स्थिर आहे." धरणात 1962 च्या सुमाराला पाणी साठायला लागलं आणि त्याच्या मागोमाग हादरे सुरू झाले होते, म्हणजे त्या पोराचं म्हणणं अगदी बरोबर होतं. हे कसं होतं? घरात दोन स्टीलचे पेले एकात एक अडकून बसतात ना, कितीही ओढा निघत नाहीत, मग आपण फटीत पाणी सोडतो आणि खटकन सुटतात. ओढ आधीपासूनच असते, पाण्यानं फक्त पकड ढिली होते. जमिनीखालच्या भेगांचं तसंच. ताण खडकात आधीच होता, भारताचा भूभाग वर्षाला पाचेक सेंटिमीटर उत्तरेकडं सरकतोय त्याचा. आणि गंमत बघा, पृथ्वीचं कवच असं तुकड्यातुकड्यांनी सरकतं हा सिद्धांत नीट मांडला गेला तोच मुळी 1967-68 मध्ये! गुरुजींच्या पुस्तकात तो असणार कुठून?

आता ऐका, दुसरी रेघ. 30 सप्टेंबर 1993, गणपती विसर्जनाची रात्र, लोक मिरवणुकीवरून दमून झोपलेले, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी. लातूर आणि उस्मानाबादकडची, म्हणजे आताच्या धाराशिवकडची गावंच्या गावं गेली, दहा हजाराच्या आसपास माणसं. वर मातीचं जडच्या जड माळवद, भिंती दगडामातीच्या, माणसाला बाहेर यायला वेळच मिळाला नाही. आणि नकाशात तो भाग कुठं होता? सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये, झोन एक. कोयनेसारखं प्रचंड धरणही तिथं नाही. जवळ तेरणेवर एक धरण आहे, त्याच्या पाण्याचा हात होता का यावर तज्ज्ञांमध्ये वाद झाला, काही म्हणाले होता, काही म्हणाले नव्हता.

त्या दिवाळीत मी वही घेऊन गुरुजींकडं गेलो. थकले होते, चष्म्याच्या काचा जाड झालेल्या. त्यांनी वही मागितली, "एरवी हा भूभाग स्थिर आहे" यावर स्वतःच्या हातानं रेघ मारली, रेघ वाकडी आली, आणि शेजारी तारीख लिहिली. मग खाली तिसरं वाक्य मला लिहायला लावलं, "पठारावर भूकंप क्वचित होतात, पण कुठेच होणार नाहीत असे म्हणता येत नाही, घर मजबूत बांधावे."

श्रोतेहो, आता चारच गोष्टी सांगतो कारण वेळ संपत आलाय. दिसलं नाही म्हणजे नाही, असं नसतं. पठारावर एकाच भेगेवर दोन मोठ्या भूकंपांमध्ये हजारो वर्षंसुद्धा जाऊ शकतात आणि आपल्या लेखी नोंदी आहेत काही शतकांच्या, मग "इथं होत नाहीत" हे वाक्य खरं म्हणजे "आमच्या नोंदीत नाहीत" एवढंच होतं. दुसरं, मोजमापातही थोडं इकडंतिकडं असतं, कोयनेचा भूकंप कुठं 6.3 लिहिलाय कुठं 6.5.

तिसरं, आणि हे नीट ऐका, पूर्ण खात्री नाही म्हणजे काहीच माहीत नाही असं अजिबात नाही. ही दोन वाक्यं वेगळी आहेत. कोयनेचे हादरे साधारण 20 बाय 30 किलोमीटरच्या पट्ट्यातच होतात हे पन्नासहून जास्त वर्षांच्या नोंदींवरून कळलंय. कोयनेजवळ गोठणे इथं 3 किलोमीटर खोल भोक पाडलं, 2017 मध्ये ते काम झालं, सव्वा किलोमीटरच्या आसपास खोलीपर्यंत काळा कातळ लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटच्या जातीचा खडक, कराडला त्यावर अभ्यास करणारी प्रयोगशाळाच आहे. आणि 2002 मध्ये नकाशातला झोन एकच काढून टाकला, किल्लारीचा भाग तीनमध्ये गेला. एवढं कळतं, पण भूकंप कधी होणार हे कळत नाही, म्हणून व्हॉट्सॲपवर कुणी तारीख-वेळ सांगून भूकंप येणार म्हणालं तर पुढं पाठवू नका, ती तारीख आज जगात कुणालाच सांगता येत नाही.

चौथं माझं आपलं. खाली दुकानाला गाळा मोठा पाहिजे म्हणून पिलर तोडणारे लोक मी बघतो तेव्हा मला झोप लागत नाही. नका हो तोडू.

भांडीवाला आता पाटणला असतो, नातवंडं आहेत. परवा त्याचा फोन आला, म्हणाला, "रात्री भांडी वाजली रं." मी विचारलं, किती वाजता? त्यानं सांगितलं आणि मी वही उघडून लिहून ठेवलं.

नमस्कार.