गारी फुगतेय, मा!

नमस्कार श्रोतेहो. आज जाऊया नायजेरियात, तिथल्या मुलींच्या बोर्डिंग स्कूलमध्ये. मी तिथे गणित शिकवायचे, मुली मला 'मा' म्हणायच्या, म्हणजे मॅडम. १९७६ साली तिथल्या सरकारने मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं, तेलाचा पैसा येत होता, शाळा भराभर वाढल्या आणि शिक्षक पुरेनात, म्हणून भारतातून पुष्कळ शिक्षक तिकडे गेले, त्यातली मी एक.

आधी इतिहास, थोडाच. लागोसला मुलांसाठी सरकारी किंग्ज कॉलेज निघालं १९०९ मध्ये. मुलींचं क्वीन्स कॉलेज? १९२७ मध्ये. नावाला कॉलेज, पण आहे हायस्कूलच. मिशनच्या शाळा होत्या हो, पण सरकारी शाळेसाठी मुली १८ वर्षं थांबल्या, १८ वर्षं! तीही आपोआप नाही मिळाली, ओयिन्कान अबायोमींसारख्या बायकांनी पैसे गोळा केले, पाठपुरावा केला. सुरुवातीला मुली किती, तर २०. पुढे याच शाळेतल्या ग्रेस अलेले-विल्यम्स गणित-शिक्षण या विषयात डॉक्टरेट करून १९८५ मध्ये बेनिन विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या, नायजेरियातल्या पहिल्या महिला कुलगुरू. विषय गणिताचा, बरं का. मुलींना गणित जमत नाही म्हणणाऱ्यांचा मला अजूनही राग येतो.

आमची शाळा लहान गावातली. पहाटे घंटा, मग बादल्या घेऊन पाण्याला रांग, झाडलोट, शनिवारी कोयत्याने गवत कापायचं. पोरींनी स्वतःचं पाणी स्वतः भरावं या मताची मी आहे, आपल्याकडे दहावीतल्या मुलीला आई पाण्याचा ग्लास हातात आणून देते ते मला बिलकूल पटत नाही. असो. नव्या मुलीला एक मोठी मुलगी 'स्कूल मदर' म्हणून मिळायची, ती सांभाळायची आणि कामंही सांगायची. रात्री प्रेप, म्हणजे सगळ्यांनी बसून अभ्यास, आणि मग लाइट्स आउट.

आता ती गोष्ट. जानेवारीची रात्र, हरमॅटनचे दिवस, म्हणजे सहारातून कोरडा धुळीचा वारा येतो आणि ओठ फुटतात. माझी ड्युटी होती, मी टॉर्च घेऊन डॉर्मिटरीत गेले तर सगळ्या चिडीचूप, चादरी डोक्यापर्यंत. दारात मेट्रन भेटल्या, त्यांच्याशी पाण्याच्या टँकरबद्दल बोलणं सुरू झालं आणि ते काही संपेना. आत कुणीतरी खोकलं, कुणीतरी कूस बदलली, पलंग करकरला. आम्ही बोलतोच आहोत. आणि अचानक कोपऱ्यातल्या पलंगावरून पहिल्या वर्षाची एक चिमुरडी उठून बसली आणि अगदी रडवेल्या आवाजात म्हणाली, "प्लीज मा, तुम्ही जा ना आता, आमची गारी फुगतेय!"

गारी म्हणजे काय, तर आपला साबुदाणा ज्या कंदाचा होतो त्याच कसावाचा कीस आंबवून, पिळून, भाजून केलेला रवा. मुली घरून डबा भरून आणायच्या. थंड पाण्यात टाकायची, साखर, शेंगदाणे, असलीच तर दूध पावडर, आणि लगेच खायची, लगेच! भिजलेले पोहे विसरले की काय होतं ते तुम्हाला माहितीच आहे. तर प्रत्येक पलंगाखाली एकेक मग, आणि आम्ही दोघी बोलत उभ्या, तोवर सगळ्या मगांमधलं पाणी संपून गारी पार काठावर आलेली!

तिच्या स्कूल मदरने कपाळाला हात लावला. मेट्रन ओरडायला लागल्या, मी म्हटलं राहू द्या, नियम उद्या सांगू, आधी खाऊन घेऊ दे. मग मी तिथेच पलंगावर टेकले तर त्या चिमुरडीने स्वतःचा मग माझ्यापुढे धरला. घट्ट झाली होती, गोड होती, मी दोन चमचे खाल्ले आणि मग सगळ्या डॉर्मिटरीत एकदम चमचे वाजायला लागले.

वेळ संपत आली, पण हे सांगायलाच हवं. १४ एप्रिल २०१४ च्या रात्री ईशान्य नायजेरियातल्या चिबोक गावच्या शाळेच्या अशाच वसतिगृहातून बोको हराम या दहशतवादी संघटनेने २७६ मुली पळवून नेल्या, बऱ्याच जणी अजून परतलेल्या नाहीत. तेव्हापासून पुष्कळ आईबाप मुलींना बोर्डिंगला पाठवायला घाबरतात आणि त्यांची भीती खरी आहे. पण वसतिगृहं बंद करून चालणार नाही, लांबच्या खेड्यातल्या मुलीला दुसरी शाळाच नसते. तिथे पक्की भिंत हवी, रात्रभर दिवा हवा, पहारा हवा, आणि हा खर्च सरकारनेच करायला हवा. नमस्कार.