गौडा प्राइमवरच्या गोळ्या

[दृश्य: बर्फाखाली गेलेली इंग्लंडमधली एक गल्ली. खिडक्यांत नाताळचे दिवे.]

सोमवार, 21 डिसेंबर 1981. ब्रिटनमध्ये त्या महिन्यात हाडं गोठवणारी थंडी पडली होती. नाताळ चार दिवसांवर आला होता. संध्याकाळी बीबीसी वनवर ‘ब्लेक्स सेव्हन’ या विज्ञानकथा मालिकेचा भाग लागणार होता. हा बावन्नावा भाग, चौथ्या सीझनचा शेवटचा. भागाचं नाव एकाच शब्दाचं होतं: ‘ब्लेक’.

तो भाग पाहिलेली मुलं आता साठीकडे झुकली आहेत. विषय निघाला की अजूनही त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य येतं ते हेच: नाताळला चार दिवस उरले होते हो!

असं काय दाखवलं होतं त्या रात्री?

[दृश्य: जुना टीव्ही, काचेवर अंतराळातल्या ताऱ्यांचं प्रतिबिंब.]

थोडं मागे जाऊ. 2 जानेवारी 1978 ला ही मालिका सुरू झाली. लेखक टेरी नेशन. ‘डॉक्टर हू’ या मालिकेतले डालेक नावाचे खलनायक ज्यांच्या डोक्यातून निघाले, तेच हे नेशन. त्यांच्या या कथेत भविष्यातल्या माणसांवर ‘फेडरेशन’ नावाची जुलमी सत्ता राज्य करते. रॉज ब्लेक हा तिच्याविरुद्ध उठलेला माणूस. सरकारने आधी त्याची स्मृती पुसली, मग लहान मुलांवरच्या अत्याचाराचा खोटा आळ घालून त्याला काळ्या पाण्यावर, म्हणजे दूरच्या एका तुरुंग-ग्रहावर धाडलं. वाटेत त्याला आणि सोबतच्या कैद्यांना एक बेवारस परग्रही जहाज सापडतं आणि बंड सुरू होतं.

पण हे सोबती काही ध्येयवेडे नव्हेत. कुणी चोर, कुणी तस्कर. आणि त्यांत एक एव्हॉन. संगणकात मुरलेला, थंड डोक्याचा, कुणावर म्हणून विश्वास न टाकणारा. ब्लेक उदात्त बोलायचा आणि एव्हॉन त्याला तिथल्या तिथे तोडायचा. तरी जीव धोक्यात आला की ब्लेकला वाचवायला हाच पुढे. गॅरेथ थॉमस आणि पॉल डॅरो या दोन नटांनी ते नातं असं रंगवलं, की सेट स्वस्तातले आहेत, स्फोट खेळण्यातले वाटतात, याची कुणाला आठवण राहायची नाही. माझ्या मते ही मालिका त्या दोघांच्या भांडणावर उभी होती.

दुसऱ्या सीझननंतर गॅरेथ थॉमस मालिका सोडून गेले. कथेत ब्लेक हरवला. पुढारीपण नकोनको म्हणत एव्हॉनकडे आलं. तिसऱ्या सीझननंतर तर मालिका संपल्यातच जमा होती. 1980 च्या मार्चमध्ये त्या सीझनचा शेवटचा भाग चालू असताना बीबीसीच्या बिल कॉटन यांनी तो पाहिला आणि तिथल्या तिथे फोन करून भाग संपताच पुढच्या सीझनची घोषणा करायला लावली. कलाकारांनाही ती बातमी टीव्हीवरूनच कळली.

म्हणून प्रेक्षकांची खात्री होती: ही मालिका मरत नाही.

[दृश्य: पाइनचं जंगल, धुकं. पावलांचा आवाज.]

चौथ्या सीझनच्या शेवटी एव्हॉनला सुगावा लागतो. ब्लेक जिवंत आहे, गौडा प्राइम नावाच्या ग्रहावर. एव्हॉनची माणसं तिथे पोचतात, पण त्यांचं जहाज कोसळतं.

आता नीट ऐका, कारण सगळी आग इथे आहे. ब्लेक तिथे पैसे घेऊन गुन्हेगार पकडणारा माणूस बनून राहतोय. ते सोंग आहे. नव्या बंडखोरांची पारख करायची त्याची ती रीत. कोसळलेल्या जहाजातून वाचलेला एव्हॉनचा सोबती टॅरंट त्याच्या हाती लागतो. ब्लेक त्याचीही पारख करतो आणि टॅरंटला वाटतं, या माणसाने आपल्याला विकलं. तो एव्हॉनला तसंच सांगतो. ब्लेक समोर येतो. चेहऱ्यावर जखमेचा व्रण, थकलेला, पण एव्हॉनला पाहून आनंदलेला. एव्हॉन विचारतो, तू आम्हाला दगा दिलास का? मला दिलास का? ब्लेक जवळ येत राहतो. त्याला समजावून सांगायचंय, पण शब्द नीट जुळत नाहीत. मी तुझीच वाट पाहत होतो, एवढंच तो म्हणतो.

एव्हॉन गोळी झाडतो. पुन्हा. आणि पुन्हा.

ब्लेक त्याच्या अंगावर कोसळतो. मरताना त्याच्या तोंडी फक्त एव्हॉनचं नाव असतं.

ज्यांनी आधीचे भाग मन लावून पाहिले होते त्यांना ‘मला दिलास का’ हे शब्द जास्त लागले. तिसऱ्या सीझनमध्ये एव्हॉनचं जिच्यावर प्रेम होतं ती ॲना फेडरेशनची हेर निघाली होती आणि त्याने तिला स्वतःच्या हाताने मारलं होतं. एकदा ठेच लागलेला माणूस सपाट जमिनीवरही जपून पाय टाकतो. एव्हॉनच्या हातात मात्र पिस्तूल होतं.

मग फेडरेशनचे शिपाई येतात. एव्हॉनचे सोबती डेना, व्हिला, सूलिन, टॅरंट एकामागून एक पडतात. उरतो एव्हॉन. ब्लेकच्या देहाच्या दोन्ही बाजूंना पाय रोवून उभा. भोवती शिपायांचं कडं. तो पिस्तूल उचलतो. आणि हसतो.

चित्र जातं. काळ्या पडद्यावर फक्त गोळ्यांचे आवाज.

[तीन सेकंद शांतता.]

आपल्याकडे कहाणी ऐकायला बसलेल्या माणसाला ठाऊक असतं, की शेवटी ‘सुफळ संपूर्ण’ येणार. टीव्हीसमोर बसलेल्या त्या मुलांचीही तेवढीच साधी अपेक्षा होती. त्यांना ना सुफळ मिळालं, ना संपूर्ण. बीबीसीकडे संतापाची पत्रं गेली. सणाच्या तोंडावर मुलांना हे दाखवता? इतकी वर्षं ज्यांच्यासाठी जीव मुठीत धरला, त्यांना पन्नास मिनिटांत संपवता?

पण रागाच्या मागोमाग दुसरी गोष्ट सुरू झाली, आणि मला तीच फार मोलाची वाटते. लोकांनी तो प्रसंग तपासायला घेतला. घरी व्हिडिओ असलेले थोडे होते. त्यांच्या टेप फिरून फिरून झिजल्या. आणि लक्षात आलं, की रक्त फक्त ब्लेकच्या अंगावर दिसतं.

ते खरंच होतं. गॅरेथ थॉमस परत आले ते ब्लेकला निःसंशय मारायचं या अटीवर. म्हणून त्याचा मृत्यू ठसठशीत दाखवला. बाकीच्यांचं दार या भागाचे लेखक ख्रिस बाउचर यांनी किलकिलं ठेवलं होतं. मालिका पुढे चाललीच तर ज्याला यायचं त्याला परत येता यावं म्हणून.

चाहत्यांना एवढी फट पुरली. शिपायांच्या बंदुका नुसतं बेशुद्ध करणाऱ्या असतील. एव्हॉन ऐन वेळी खाली बसला असेल आणि कड्यातल्या शिपायांनी एकमेकांनाच टिपलं असेल. ओरॅक हा सर्वज्ञ संगणक त्या खोलीत नव्हताच, म्हणजे सुटकेचा मार्ग बाकी आहे. आणि दुसऱ्या सीझनमध्ये ब्लेकची एक हुबेहूब प्रतिकृती तयार केली होती, ती आठवते का? मग मेला तो कोण?

[दृश्य: टंकलेखन यंत्र. स्टेपल केलेल्या झेरॉक्स पानांची चवड.]

या तर्कांतून कथा निघाल्या. घरी टंकलेखन करून, झेरॉक्स काढून, टपालाने पाठवलेल्या हौशी अंकांमध्ये त्या छापल्या जायच्या. पुढे मालिका अमेरिकेतल्या सार्वजनिक वाहिन्यांवर दिसली आणि तिथेही हेच लोण पसरलं. गौडा प्राइमनंतर काय घडलं, हे सांगणाऱ्या कथांचा एक स्वतंत्र प्रकारच झाला. चाहते त्याला ‘पीजीपी’ म्हणतात, पोस्ट गौडा प्राइम. काही कथांत एव्हॉन तुरुंगात आहे. काहींत वेडा झाला आहे. कितीतरी कथांमध्ये ब्लेक जगतो, आणि मग दोघांना समोरासमोर बसून ते बोलावं लागतं जे त्या खोलीत बोलायचं राहून गेलं. या कथा लिहिणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. त्यांना युद्धाचं फारसं पडलेलं नव्हतं. त्यांना तो संवाद हवा होता.

आणि 2013 मध्ये खुद्द पॉल डॅरो यांनी पुढची गोष्ट लिहिली. त्यांच्या कादंबरीत एव्हॉन त्या खोलीतून जिवंत बाहेर पडतो. बत्तीस वर्षं त्या हसण्याचा अर्थ ज्यांना विचारला गेला, त्या नटानेही शेवटी पत्रं लिहिणाऱ्या मुलांचीच बाजू घेतली.

गॅरेथ थॉमस 2016 मध्ये गेले, पॉल डॅरो 2019 मध्ये.

[दृश्य: काळा पडदा.]

त्या काळ्या पडद्यामागची पहिली गोळी कुणाच्या बंदुकीतून सुटली, यावर चाहते आजही तावातावाने भांडतात. आवाज वाढवून, डोळे मिटून, पुन्हा पुन्हा ऐकतात.