बडोद्याच्या नावातलं पान

(दृश्य: दसऱ्याची सकाळ. खंडेराव मार्केटबाहेर झेंडूचे ढीग.)

झेंडूशेजारी आपट्याच्या जुड्या ठेवल्यात. खरं सांगायचं तर त्यांतल्या कितीतरी कांचनाच्या असतात. जाणती बडोदेकर मंडळी एक पान उचलून बघतात. आपट्याचं लहान नि जाडसर, कांचनाचं मोठं. संध्याकाळी 'सोनं घ्या' म्हणून पुढे केल्यावर मात्र कुणी पारख करत नाही. कौत्साच्या चौदा कोटी मोहरांची गोष्ट दोन्ही पानांना पुरते.

(दृश्य: जुन्या वडाच्या पारंब्या.)

या शहराच्या नावातही एक पान असंच शिरलंय. इ.स. ८१२ च्या राष्ट्रकूटांच्या ताम्रपटात इथल्या गावाचं नाव 'वडपद्रक' असं आहे. पद्र म्हणजे वस्ती. शेजारच्या पादरा गावाचं नाव ऐकलं की हाच शब्द आठवतो. म्हणजे हे वडाचं गाव. पुढे पद्रचं 'पत्र' झालं, गाव 'वटपत्रक' झालं आणि वस्तीच्या जागी पान आलं. चूक म्हणावी तर म्हणा, पण वडाच्या पानावर अंगठा चोखत पहुडलेला बाळकृष्ण डोळ्यांसमोर असताना पद्र कुणाला आठवणार?

(दृश्य: दांडिया बाजारातलं एक घर. पंगत.)

घरात तर पानांशिवाय बोलणंच होत नाही. ताट स्टीलचं असलं तरी 'पानं घेतली' अशीच हाक येते. पुस्तकाचं पान, पत्त्यांची पानं, जेवणानंतरचं पान. पूर्वी लहान मुलांच्या कपाळावर सोन्याचं पिंपळपान रुळायचं. आणि मुलीचं नाव अपर्णा! तपाच्या वेळी पार्वतीने झाडाची पानं खाणंही सोडलं, म्हणून ती अपर्णा. पान नसण्यावरूनही नाव पडतं ते असं.

(दृश्य: कमाटीबाग. वडाखालची सावली.)

सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकलेले भीमराव आंबेडकर १९१७ साली नोकरीसाठी बडोद्याला आले. जातीमुळे राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत उतरले, तर तिथूनही बाहेर काढलं गेलं. मग याच बागेत झाडाखाली बसून त्यांनी काही तास काढले. सप्टेंबरातल्या त्या दिवसाच्या आठवणीत या जागेला 'संकल्पभूमी' म्हणतात.

१९९० साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळालं. ते पदक पिंपळाच्या पानाच्या आकाराचं असतं. ब्राँझचं पान, त्यावर सूर्य आणि खाली देवनागरीत 'भारतरत्न'. ज्यांनी १९५६ मध्ये नागपूरला बुद्धाचा धम्म घेतला, त्यांच्या नावे बोधिवृक्षाचं पान आलं. पदकाचा आकार काही त्यांच्यासाठी ठरवलेला नव्हता. तरीही कमाटीबागेत उभं राहिलं की हे आठवतंच.

(दृश्य: वडाखाली पडलेलं एक पिवळं पान. आवाज थांबतो.)