मागील पानावरून पुढे

(पणजीत तरुण लेखापालांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं आटोपशीर करून)

मित्रहो, आमच्या घरी पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, हिशेब स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर चालायचा. सकाळी सायकलचा भोंपू वाजला की आई पाव घ्यायची, त्या दिवसाच्या चौकोनात आकडा लिहायची आणि महिनाअखेरीस बेरीज करायची. भांडण व्हायचं ते दोनच गोष्टींवरून. एक म्हणजे, पान उलटलं की मागची बाकी नव्या पानावर लिहायची राहून जायची. दुसरं भांडण कोऱ्या चौकोनाचं. आई म्हणायची, त्या दिवशी पाव घेतलाच नाही. पदेर म्हणायचा, बाय, घेतला, लिहायचा राहिला. आज विषय कन्सॉलिडेशन सॉफ्टवेअरचा, म्हणजे ग्रुपमधल्या सगळ्या कंपन्यांचे हिशेब एकत्र करणाऱ्या सॉफ्टवेअरचा आहे, पण भांडणं हीच दोन.

एखाद्या कंपनीच्या स्वतःच्या हिशेबात, टॅली असो की सॅप, वर्ष सरलं की ताळेबंदातली शिल्लक ओपनिंग, म्हणजे नव्या वर्षाची सुरुवातीची शिल्लक, म्हणून पुढे येते. आपण फार लक्षही देत नाही. ग्रुपच्या अॅडजस्टमेंटला, म्हणजे हिशेब एकत्र करताना वरून केलेल्या दुरुस्तीला, मात्र असं घरच नसतं. आमच्या ग्रुपमधल्या वेर्ण्याच्या कारखान्याच्या वहीत ती नाही, मडगावच्या विक्री कंपनीच्या वहीतही नाही. कंपनी कायदा 2013 चं कलम 129(3) एकत्रित हिशेब मागतं, म्हणून आपण दर वेळी सगळ्यांचे ट्रायल बॅलन्स, म्हणजे खातेवार शिलकींच्या याद्या, गोळा करतो आणि त्यावर स्वतःची जर्नल, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदी, चढवतो. पुढच्या वेळी कंपन्यांचे आकडे पुन्हा येतात, आपली जर्नल येत नाहीत. ती कुणीतरी उचलून आणावी लागतात.

आता कोरा चौकोन. समजा एप्रिलमध्ये 5 लाखांचा खर्च जर्नलने दाखवला आणि मे महिन्यात काहीच टाकलं नाही. सॉफ्टवेअरने त्या रिकाम्या जागेचा अर्थ काय घ्यायचा? 'या महिन्यात हालचाल नाही' असा घेतला, तर मेअखेरचा एकूण आकडा 5 लाखच राहतो. 'वर्षारंभापासूनचा एकूण आकडा शून्य' असा घेतला, तर मे महिन्यात उलटे 5 लाख दिसतात आणि एप्रिलचा खर्च हवेत विरतो. ओरॅकलच्या हायपेरियन फायनान्शियल मॅनेजमेंट या कन्सॉलिडेशन सॉफ्टवेअरमध्ये तर ही सेटिंग कंपन्यांकडून आलेल्या आकड्यांसाठी वेगळी आणि अॅडजस्टमेंटसाठी वेगळी असते. नव्या ठिकाणी रुजू झालात तर पहिल्या दिवशी हीच विचारा. चहा नंतर प्या.

काही जर्नलचं आयुष्य मुळातच एका महिन्याचं असतं. बिल न आलेल्या खर्चाची तरतूद घ्या. बिल आलं की ती उलटायची. त्यासाठी ऑटो रिव्हर्सल आहे, पण त्या 'ऑटो'वर फार विसंबू नका. हायपेरियनमध्ये पुढच्या महिन्याची उलटी जर्नल तयार होते ती 'अप्रूव्हड' अवस्थेत. ती पोस्ट करायची, म्हणजे हिशेबात चढवायची, ती माणसानेच.

खरी गंमत वर्ष बदलताना होते, आणि इथे मी स्वतः आपटलो आहे. वेर्ण्याच्या कारखान्याने मडगावच्या कंपनीला माल विकला. 31 मार्चला त्यातला 1 कोटीचा माल मडगावच्या गोदामात पडून. त्यात कारखान्याचा नफा 20 लाख. ग्रुपच्या दृष्टीने हा नफा झालेलाच नाही, आपण आपल्याच घरात माल हलवला. म्हणून विक्रीखर्च (म्हणजे विकलेल्या मालाची किंमत) 20 लाख नावे, साठा 20 लाख जमा. इथपर्यंत कुणीही बरोबर करतं.

एप्रिल उजाडला. माल तिथेच. मी काय केलं? मार्चची जर्नल कॉपी केली आणि पोस्ट केली. साठा बरोबर आला, पण तोच 20 लाखांचा नफा नव्या वर्षातूनही वजा झाला. तो तर जुन्या वर्षात एकदा कापला गेलेला होता, म्हणजे त्याची जागा आता राखीव निधीच्या, मागच्या वर्षांच्या साठलेल्या नफ्याच्या, ओपनिंगमध्ये. एप्रिलची जर्नल हवी होती ती अशी: ओपनिंग राखीव 20 लाख नावे, साठा 20 लाख जमा. नव्या वर्षाच्या नफ्याला हातही लावायचा नाही. आणि जुलैमध्ये सगळा माल बाहेरच्या गिऱ्हाइकाला गेला की राखीव 20 लाख नावे तसंच ठेवायचं, फक्त जमेची बाजू साठ्यावरून विक्रीखर्चावर न्यायची. अडकलेला नफा तेव्हा या वर्षाच्या पदरात पडतो. निम्माच माल गेला असेल, तर जमेकडे 10 लाख साठा आणि 10 लाख विक्रीखर्च.

म्हणजे बघा, रक्कम तीच, कारण तेच, पण वर्ष उलटलं की नावेकडचं खातं बदलतं आणि माल हलला की जमेकडचं. माल गेला की नाही हे सॉफ्टवेअरला कळत नाही, ते मडगावच्या गोदामवाल्याला विचारावं लागतं.

माझी चूक सापडली ती एका साध्या तपासणीत. ग्रुपचा ओपनिंग राखीव निधी मागच्या वर्षीच्या सही झालेल्या ताळेबंदाशी जुळेना. फरक बरोबर 20 लाखांचा. तेव्हापासून एप्रिलमध्ये मी आधी ही ओळ जुळवतो आणि मगच बाकीचे अहवाल उघडतो. जर्नलच्या वर्णनात 'मार्च अॅडज.' एवढंच लिहायचं तर सोडलंच. आता लिहितो: 'वेर्णा ते मडगाव, मार्चअखेरचा साठा, माल विकला जाईपर्यंत, एप्रिलपासून राखीवातून.' लांबलचक दिसतं खरं, पण चतुर्थीला मी गावी गेलो तरी कुणाचा फोन येत नाही.

त्या मधल्या रांगेतल्या ताई मघापासून हात वर करून बसल्या आहेत. बोला ताई. डिफर्ड टॅक्सचं, म्हणजे पुढे ढकललेल्या नफ्यावरच्या कराचं, काय? बरोबर, तोही सोबत जातो आणि बहुतेक वेळा तोच मागे राहतो. माल ज्याच्या हातात आहे त्या कंपनीचा कराचा दर लावायचा. मडगावच्या कंपनीने सवलतीचा दर घेतला असेल तर अधिभार आणि उपकर धरून 25.168 टक्के, म्हणजे 20 लाखांवर 5 लाख 3 हजार 360 रुपये. एप्रिलमध्ये हाही आकडा राखीवातूनच आणा. नाहीतर ओपनिंगची ओळ पुन्हा जुळणार नाही, या वेळी 5 लाख 3 हजार 360 ने.