सीटचे पैसे कोण भरतं? अर्जुन मैनीची गोष्ट

नमस्कार मंडळी! आज क्रिकेट नाही, कबड्डी नाही, आज रेसिंग. आणि त्यातही एफ वन नाही, एफ वनवर बोलणारे गल्लोगल्ली झालेत. मला बोलायचंय बंगळूरच्या अर्जुन मैनीबद्दल. २०१४ साली इंग्लंडच्या बीआरडीसी फॉर्म्युला फोर चॅम्पियनशिपमध्ये हा दुसरा आला, आणि पहिला कोण आला सांगू? जॉर्ज रसेल. हो हो, तोच, मर्सिडीजवाला. दोघं एकाच टीममध्ये होते आणि टायटल कुणाचं हे ठरायला शेवटचा राउंड उजाडावा लागला, स्नेटरटनला. पुढच्या वर्षी अर्जुन युरोपियन एफ थ्रीमध्ये व्हॅन अमर्सफूर्ट रेसिंगकडे गेला तर तिथे टीममेट म्हणून शार्ल लक्लेर! म्हणजे पोरगा कुणाकुणाबरोबर वाढला बघा. मग हे दोघं एफ वनमध्ये आणि आपला अर्जुन जर्मनीत जीटी गाड्या (रस्त्यावरच्या स्पोर्ट्सकारचं रेसिंग रूप) चालवतो, असं का, हा प्रश्न लोक मला विचारतात आणि विचारताना चेहरा असा करतात की बिचाऱ्याचं काहीतरी फिस्कटलं. मला तसं अजिबात वाटत नाही, आणि का वाटत नाही तेच आज सांगायचंय.

थोडं मागून घेऊ. अर्जुनचा जन्म डिसेंबर १९९७ चा. वडील गौतम मैनी स्वतः रेसिंग केलेले, काका चेतन मैनी म्हणजे ती छोटी रेवा इलेक्ट्रिक गाडी काढणारे. घरात गाड्यांचं वेड आणि घर खातंपितं, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण या खेळात 'गरीब घरातून जिद्दीने वर आला' वगैरे स्टोऱ्या फार कमी असतात आणि त्या ओढूनताणून बनवण्यात अर्थ नाही. २०११ मध्ये फोर्स इंडियाने, म्हणजे विजय मल्ल्यांच्या एफ वन टीमने, 'वन फ्रॉम अ बिलियन' म्हणून देशभर शोध घेतला होता, त्यातून तीन पोरं निवडली, अर्जुन, तरुण रेड्डी आणि आपल्या मुंबईचा जेहान दारूवाला. अर्जुन तेव्हा तेरा वर्षांचा. त्याच वर्षी बुद्ध सर्किटवर पहिली इंडियन ग्रांप्री झाली, सगळ्यांना वाटलं आता काय, दहा वर्षांत आपले दोन-तीन ड्रायव्हर एफ वनमध्ये. २०१३ नंतर ती ग्रांप्रीच बंद पडली.

आता ही सिंगल सीटरची, म्हणजे एकाच माणसाच्या, उघड्या चाकांच्या रेसिंग गाड्यांची शिडी कशी असते ते ऐका. कार्टिंग, मग फॉर्म्युला फोर, मग एफ थ्री, मग एफ टू, आणि वर एफ वनच्या वीस-बावीस सीटा, त्यातल्या वर्षाला रिकाम्या किती होतात, दोन, तीन, कधी एकही नाही. आणि या शिडीच्या प्रत्येक पायरीवर ड्रायव्हरला पगार नसतो बरं का, उलट ड्रायव्हरच टीमला पैसे देतो. एफ टूच्या एका सीझनला दोन-तीन मिलियन युरो लागतात असं पॅडॉकमध्ये, म्हणजे टीम जिथे तळ ठोकतात तिथे, सर्रास बोललं जातं, म्हणजे आपले वीस-तीस कोटी, एका वर्षाचे, आणि वर्षाच्या शेवटी हातात काय तर पॉइंट टेबल. फेरारी, रेड बुल, मर्सिडीज यांच्या अकॅडमीत असाल तर थोडा भार हलका होतो, नाहीतर वडील, स्पॉन्सर, ओळखीपाळखी, असं करत करत ओढायचं.

अर्जुन २०१६ च्या मध्यावर जीपी थ्रीमध्ये (शिडीवर एफ टूच्या खालची पायरी) आला, जेन्झर मोटरस्पोर्टकडून. ही स्विस टीम, मोठ्या नावांच्या मानाने छोटी. आणि मे २०१७ मध्ये बार्सिलोनाला त्याने रेस जिंकली, जीपी थ्रीमध्ये रेस जिंकणारा पहिला भारतीय. त्याच महिन्यात हास एफ वन टीमने त्याला डेव्हलपमेंट ड्रायव्हर (रेस न करता टीमसोबत तयार होणारा) म्हणून घेतलं. इथे माझ्यासारख्यांच्या आशा एकदम पल्लवित झाल्या होत्या हो, खोटं कशाला बोलू.

मग आलं २०१८. एफ टू, टीम ट्रायडेंट. त्या वर्षी एफ टूची गाडी नवीकोरी होती, टर्बो व्ही सिक्स इंजिन, सव्वासहाशेच्या आसपास हॉर्सपॉवर, आणि क्लच असा नाठाळ की स्टार्टला गाड्या जागच्या जागी बंद पडायच्या, चांगल्या चांगल्या ड्रायव्हरांच्या. शेवटी ऑस्ट्रिया आणि सिल्व्हरस्टोनला उभ्या स्टार्टऐवजी रोलिंग स्टार्ट, म्हणजे चालत्या गाड्यांनी सुरुवात, द्यायची वेळ आली, एवढी पंचाईत. आणि सिल्व्हरस्टोनलाच ते प्रकरण झालं. टीममेट होता अमेरिकेचा सँटिनो फेरुची. रविवारच्या स्प्रिंट, म्हणजे छोट्या रेसमध्ये त्याने अर्जुनला ट्रॅकच्या बाहेर ढकललं, बरं ते एकवेळ रेसिंगमध्ये होतं म्हणू, पण चेकर्ड फ्लॅग पडल्यावर, रेस संपल्यावर, सगळे गाड्या सावकाश पिटकडे आणत असताना याने मागून येऊन अर्जुनच्या गाडीला ठोकलं! आणि नंतर स्टुअर्ड्सनी, म्हणजे रेसच्या पंचांनी, बोलावलं तर हा पठ्ठ्या गेलाच नाही. स्टुअर्ड्स म्हणाले हे जाणूनबुजून केलंय, चार रेसची बंदी आणि साठ हजार युरो दंड. वर एक हातमोजा काढून, हातात मोबाईल धरून गाडी चालवली म्हणून आणखी सहा हजार. ट्रायडेंटने त्याचा करारच संपवला. (हा फेरुची पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या इंडी ५०० या मोठ्या रेसमध्ये सातवा आला, नवख्या ड्रायव्हरांमध्ये सगळ्यात पुढे. असतं असं.)

पण बातमी झाली ती या ठोकाठोकीची. अर्जुनचं वर्ष मात्र सुपर लायसनच्या, म्हणजे एफ वन चालवायच्या परवान्याच्या, हिशोबात वायाच गेलं. एफ वनसाठी तीन वर्षांत चाळीस सुपर लायसन पॉइंट लागतात आणि एफ टूमध्ये खालच्या निम्म्यात राहिलात तर पदरात काही पडत नाही. त्या वर्षी एफ टूमध्ये पहिले तीन कोण, तर रसेल, नॉरिस, आल्बन, आणि तिघंही पुढच्या सीझनला एफ वनमध्ये. अर्जुनसमोर दोन रस्ते होते, आणखी एक वर्ष कोट्यवधी ओता, किंवा दुसरीकडे वळा.

तो वळला. २०१९ मध्ये युरोपियन ल मान्स सिरीज, म्हणजे लांब पल्ल्याच्या स्पोर्ट्सकार रेस, त्यातला एलएमपी टू हा गट, टीम आरएलआर एमस्पोर्ट. आणि इथे अख्खं अर्थकारण उलटं होतं, हे नीट ऐका. स्पोर्ट्सकारमध्ये एका गाडीत दोन-तीन ड्रायव्हर असतात आणि एफआयए, म्हणजे मोटरस्पोर्टची जागतिक संघटना, प्रत्येकाला दर्जा देते, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. एलएमपी टूमध्ये नियम असा की गाडीत किमान एक तरी ब्राँझ किंवा सिल्व्हर पाहिजेच. आता बऱ्याचदा हा ब्राँझ म्हणजे एखादा हौशी उद्योगपती, बिझनेस सांभाळून रेसिंग करणारा, यांना जेंटलमन ड्रायव्हर म्हणतात, आणि गाडीचा बराचसा खर्च तो उचलतो. त्याला शेजारी फास्ट प्रोफेशनल पाहिजे असतो, त्याचा डेटा बघून शिकायचं असतं. म्हणजे एफ टूमध्ये जो पोरगा पैसे भरत होता, त्याच्याच स्पीडला इथे किंमत येते.

आणि काम वेगळं असतं. सिंगल सीटरमध्ये सीट तुमच्या अंगाच्या साच्याने बनवलेली, गाडी तुमची, सेटअप तुमचा. इथे पिट स्टॉपला तुम्ही बेल्ट सोडता, रेडिओची वायर काढता, पाण्याची नळी काढता, आपला सीट इन्सर्ट उचलून बाहेर पडता, की तेवढ्यात दुसरा आत घुसतो आणि तुम्हीच वाकून त्याचे बेल्ट घट्ट ओढून देता. सेटअप पण असा लागतो की पन्नाशीतला जेंटलमन ड्रायव्हर पावसात गाडी फिरवणार नाही, मग तुम्हाला ती थोडी बोथट वाटली तरी चालवून घ्यायची. क्वालिफायिंगचा (स्टार्टची जागा ठरवणारा) एक लॅप मारून हिरो होण्यापेक्षा दोन तास एकसारखे लॅप मारणारा इथे जास्त लागतो.

त्या जूनमध्ये तो चोवीस तासांच्या ल मान्सलाही उतरला, सोबत कॅनडाचा जॉन फरानो आणि फ्रान्सचा नॉर्मन नाटो. साडेतेरा किलोमीटरचा ट्रॅक, त्यातला बराचसा एरवीचा सार्वजनिक रस्ता. आपल्या लोकांचं आणि ल मान्सचं नातं तसं जुनं नाही. २००९ मध्ये आपला पहिला एफ वन ड्रायव्हर नारायण कार्तिकेयन ऑडी चालवणार होता आणि रेसच्या आधी पिट वॉलवरून उडी मारताना खांदा निखळला, बसला बाहेर! मग २०१२ मध्ये आपला दुसरा एफ वन ड्रायव्हर करुण चंढोकने रेस केली आणि एकूणात सहावा आला. २०२१ च्या सुरुवातीला तर नारायण, अर्जुन आणि नवीन राव असे तिघं एकाच गाडीत, एशियन ल मान्स सिरीजमध्ये, सगळे भारतीय. आपल्याकडे पेपरात किती आलं? चार ओळी.

त्याच वर्षी डीटीएम. जर्मनीची ही मोठी सिरीज २०२१ पासून जीटी थ्री गाड्यांवर आली आणि अर्जुन तिथे गेटस्पीडच्या मर्सिडीज-एएमजीमध्ये बसला, डीटीएममधला पहिला भारतीय. पुढच्या सीझनपासून हाउप्ट रेसिंग टीम, आणि २०२५ मध्ये टीमने मर्सिडीज सोडून फोर्ड मस्टँग घेतली तर तो पण मस्टँगमध्ये. जीटी थ्री म्हणजे साधारण तेराशे किलोचं धूड, एबीएस आहे, ट्रॅक्शन कंट्रोल आहे, सिंगल सीटरवाले सुरुवातीला नाकं मुरडतात. पण इथे बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स असतो, म्हणजे पोर्शे, लॅम्बोर्गिनी, बीएमडब्ल्यू सगळ्यांचं वजन-पॉवर असं जुळवतात की फरक दशांशांवर येतो, आणि त्या दशांशात वीसेक माणसं बसलेली असतात. इथे टिकणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच विचारा.

जेहानचं पण बघा, २०२० च्या डिसेंबरमध्ये साखीरला एफ टूची रेस जिंकणारा पहिला भारतीय, पुढे मॅक्लारेनची जुनी एफ वन गाडी टेस्ट केली, आणि २०२४ ला फॉर्म्युला ई, म्हणजे इलेक्ट्रिक गाड्यांची सिरीज. अर्जुनचा धाकटा भाऊ कुश, त्याने २०२५ मध्ये मोनॅकोला एफ टूची स्प्रिंट जिंकली. कोल्हापूरजवळ मोहित्यांचा कार्टिंग ट्रॅक आहे, तिथल्या पोरांच्या आईबापांना माझं एवढंच सांगणं, या तिघांचे सीझन शेजारी शेजारी ठेवून बघा आणि टीम निवडताना पहिला प्रश्न हा विचारा की पुढच्या वर्षीचे पैसे कोण भरणार.

आणि डीटीएम कधी बघितली नसेल तर नॉरिसरिंगच्या रेसपासून सुरुवात करा. न्यूर्नबर्ग शहरातला सव्वादोन किलोमीटरचा रस्ता, जुन्या दगडी स्टँडसमोरून जाणारा, एका टोकाला हेअरपिन, म्हणजे एकदम उलटं फिरणारं वळण, तिथे सगळे एकदम ब्रेक मारतात आणि दर लॅपला कुणीतरी कुणाचा तरी आरसा उडवतं. उन्हाळ्यात असते, आपल्याकडे संध्याकाळी पाचच्या सुमाराला, चहा घेऊन बसा.