एका गोठ्यातल्या दोन जाती

माईक चालू आहे ना? बरं. अध्यक्ष म्हणाले पंचवीस मिनिटं, त्यातली सात तर सत्कारातच गेली, नारळाबद्दल आभार. विषय बॅक्टेरियाची जात कशी होते हा आहे. जात म्हटलं की आपल्याकडं लगेच कान टवकारतात, पण ही ती जात नाही बावा, स्पीशीजवाली.

बीएस्सीला असताना सरांनी व्याख्या लिहून दिली. अर्न्स्ट मायरची, 1942 ची, ज्यांची आपसात पिलं होतात अन् ती पिलंही पुढं वितात ती एक जात. घोडी अन् गाढवाचं खेचर होतं पण ते पुढं वीत नाही, म्हणून दोन जाती. मी उभा राहिलो, म्हटलं सर, बॅक्टेरिया तर लग्नच करत नाही, मधोमध चिरतो अन् एकाचे दोन होतो, मग त्याची जात कशी ठरवायची? सर म्हणाले, बस खाली, पेपरात येत नाही. बसलो. पण तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या साहेबांनाही तेच विचारलं (पोट्टं होतो, अक्कल कुठली) तर ते म्हणाले प्रश्न मी विचारतो, अन् मला काठावर पास केलं. घरी बाबा म्हणाले, काहून तोंड उघडलं रे? त्या मार्कांचं दुःख अजून आहे, हसू नका.

खरं म्हणजे उत्तराचा पहिला धागा 1928 मध्येच सापडला होता. फ्रेडरिक ग्रिफिथ नावाच्या इंग्रज डॉक्टरनं न्यूमोनियाचे घातक जंतू तापवून मारले, त्यात निरुपद्रवी जिवंत जंतू मिसळून उंदराला टोचले, अन् उंदीर मेला, त्याच्या रक्तात घातक जिवंत जंतू! म्हणजे मेलेल्याचा डीएनए जिवंतानं उचलला. लग्न नाही, पण उसनवारी आहे, शेजारणीकडून विरजण आणावं तशी. मग जात टिकते कशी? माझं म्हणणं, कोण कोणाच्या शेजारी राहतो ते पाहा.

आता आमच्या मायचा गोठा डोळ्यासमोर आणा. बैल दोन, एक गाय, अन् कोंबड्या रात्री खुराड्यात न जाता गव्हाणीच्या काठावर बसायच्या. त्यांची विष्ठा थेट कुटारात. सकाळी माय हातानंच वरवरचं काढून टाकायची अन् बैल त्यातच तोंड घालायचा. मी ओरडायचो, माय म्हणायची, त्याला काही होत नाही, तू चहा पी.

किती वाजले? पाच मिनिटं? मग पळतो आता. कॅम्पायलोबॅक्टर म्हणून एक जंतू आहे, माणसाला हगवण लावतो. त्याच्या दोन जाती, जेजुनी अन् कोलाय, डीएनएच्या शंभर अक्षरांमागं पंधराच्या आसपास वेगळी. आपल्यात अन् चिंपांझीत एक-सव्वा! हा जंतू उघड्यावर पडलेला डीएनए स्वतःच ओढून घेतो, पण डीएनए जितका वेगळा तितका तो जुळवून बसवणं कठीण. ज्यांच्या पोटात हे जंतू राहतात ती जनावरं वेगळी राहिली की जंतू भेटत नाहीत, फरक वाढतो, भिंत पक्की होते. 2008 मध्ये सॅम्युअल शेपर्ड या संशोधकानं अन् सहकाऱ्यांनी दाखवलं की कोंबड्या-ढोरं-डुकरं पाळायच्या जागी राहणाऱ्या कोलायमध्ये जेजुनीचे जीन शिरलेत. नंतर मोजलं तर कोलायच्या एका वंशात दहा टक्क्यांच्या आसपास, दुसऱ्यात वीसच्या वर. पाणपक्ष्यांत राहणारे कोलाय मात्र तसेच्या तसे. म्हणजे भिंत गोठ्यात ढासळली, तळ्यावर नाही.

अन् उचललेलं सगळंच टिकत नाही. गाईतल्या जेजुनीत व्हिटॅमिन बी-5 तयार करायचे जीन बहुधा असतात, कोंबडीतल्यात बऱ्याचदा नसतात, कारण दाण्यात ते आयतं मिळतं अन् गवतात कमी. काही वंश मात्र गाय-कोंबडी दोन्हीकडं फिरतात, ते घरोघरचं घेतात अन् मिसळवतात. आमच्या गव्हाणीत काय काय मिसळलं ते कोणी तपासलं नाही, माय गेली, बैल विकले. बरं, अध्यक्ष उठलेत, प्रश्न असतील ते चहाला.