पुढचा अभ्यास शून्यापासून नको

[दृश्य: सकाळचा ठाणे–बेलापूर रस्ता. ओपीडीबाहेरची केसपेपरची रांग.]

निवेदन:
कळव्याला ठाणे महापालिकेचं वैद्यकीय महाविद्यालय. पुढे नेरूळला आणि कामोठ्याला अभिमत विद्यापीठं, त्यांची मोठी रुग्णालयं. खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचं कर्करोग संशोधन केंद्र, अॅक्ट्रेक. या टापूत रुग्णांची उणीव नाही आणि प्रश्नांचीही नाही. पावसाळ्यातला लेप्टो आणि डेंग्यू, टीटीसी या औद्योगिक पट्ट्यातल्या कामगारांचा दमा, मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवरचं कुपोषण. असे प्रश्न इथल्याच विद्यापीठांनी हाती घ्यायला हवेत. आरोग्य संशोधनावरच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने 1990 साली हेच सांगितलं होतं: देश कितीही गरीब असो, स्वतःच्या आजारांवर स्वतः संशोधन करण्याची ताकद त्याच्याकडे हवी.

मग घोडं अडतं कुठे? बहुतेकदा यंत्रांवर नाही. एका साध्या अभ्यासाच्या वाटेने जाऊ. दिघा ते तुर्भे या पट्ट्यातल्या वस्त्यांमध्ये किती प्रौढांना मधुमेह आहे, एवढंच शोधायचंय.

[दृश्य: फळ्यावर सूत्र. खडूचा आवाज.]

निवेदन:
पहिला प्रश्न, माणसं किती तपासायची? समजा प्रमाण 20 टक्क्यांच्या आसपास असेल आणि उत्तर पाच टक्के इकडे-तिकडे चालणार असेल, तर 246 माणसं लागतात. पण वस्तीत आपण गल्लीगल्लीने जाणार, आणि एका गल्लीतल्या माणसांचं खाणंपिणं, कामधंदा बराचसा सारखा असतो. त्यासाठी दीडपट धरली तर 369. दहातला एक माणूस भेटत नाही किंवा नको म्हणतो, म्हणून शेवटी 410.

प्रत्यक्षात अनेक प्रबंधांत 100 घेतले जातात, कारण आकडा गोल आहे आणि वेळ कमी. 100 माणसांत 20 टक्के आले, तर खरं प्रमाण 12 असू शकतं किंवा 28. एवढ्या मोघम उत्तरावर कुठलीही महापालिका औषधांची खरेदी ठरवू शकत नाही. चूक विद्यार्थ्याची नसते. एमडीची तीन वर्षं, त्यात सुरुवातीलाच आराखडा द्यायचा, आणि संख्याशास्त्रज्ञाची गाठ पडते ती एक्सेलची शीट भरून झाल्यावर. तेव्हा त्याच्या हातात काही उरलेलं नसतं. आराखड्यावर संख्याशास्त्रज्ञाची सही असल्याशिवाय तो पुढे जाणार नाही, हा नियम करायला एक रुपयाही लागत नाही.

[दृश्य: बैठकीची खोली. टेबलावर फायलींचे गठ्ठे.]

निवेदन:
पुढचा टप्पा नैतिकता समितीचा, म्हणजे माणसांवरच्या अभ्यासाला मंजुरी देणाऱ्या समितीचा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार समितीत किमान सात सदस्य हवेत. निम्मे तरी संस्थेबाहेरचे, अध्यक्षही बाहेरचे. बैठकीला किमान पाच जण हजर हवेत, त्यांत वैद्यकीय आणि बिगरवैद्यकीय असे दोन्ही, आणि शक्यतो सामान्य नागरिक. नव्या औषधाची चाचणी असेल तर कायद्याचा जाणकार आणि सामान्य नागरिक लागतोच. गणसंख्या, म्हणजे हजेरीची ही किमान अट, नेमकी इथे अडते. वकील कोर्टात अडकले की बैठक पुढच्या महिन्यावर. उपाय साधा आहे: वर्षभराच्या तारखा जानेवारीतच जाहीर करायच्या, आणि वकील व सामान्य नागरिक या जागांसाठी पर्यायी सदस्य आधीच नेमून ठेवायचे. औषधाची किंवा उपचाराची चाचणी असेल तर सीटीआरआयवर, म्हणजे चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी व्हावी लागते. 1 एप्रिल 2018 पासून मागाहून नोंदणी होत नाही.

[दृश्य: जवळून. राखाडी टोपणाची नळी, बर्फाचा डबा, सेंट्रीफ्यूज.]

निवेदन:
आता रक्त. इथे जरा थांबू, कारण भलेभले अभ्यास याच टेबलावर बिघडतात.

नळीतल्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. साध्या नळीत, खोलीच्या तापमानाला, तासाला 5 ते 7 टक्के साखर कमी होते. उपाशीपोटी साखर 126 (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) किंवा जास्त म्हणजे मधुमेह. सकाळी सातला घेतलेलं 126 चं रक्त दहा वाजता प्रयोगशाळेत पोचलं, तर यंत्र 105 च्या आसपास दाखवेल. मधुमेही माणूस कागदावर मधुमेही राहत नाही. राखाडी टोपणाच्या नळीत ही घट रोखणारं फ्लोराइड असतं, पण त्याचाही पूर्ण परिणाम व्हायला तास-दोन तास जातात. म्हणून नळी आठ-दहा वेळा अलगद उलटसुलट करून लगेच बर्फात ठेवायची आणि प्लाझ्मा, म्हणजे पेशींवरचा पातळ द्रव, शक्य तितक्या लवकर, वस्तीजवळच वेगळा करायचा.

वेगळा करतानाही एक फसगत होते. नळ्या गरगर फिरवणाऱ्या सेंट्रीफ्यूजसाठी मार्गदर्शिकेत लिहिलेलं असतं, '3000 आरपीएमवर (मिनिटाला 3000 फेरे) दहा मिनिटं'. पण सेंट्रीफ्यूजची त्रिज्या 15 सेंटीमीटर असेल तर नळीवर साधारण 1500 जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या 1500 पट बल येतं, आणि 10 सेंटीमीटर असेल तर जेमतेम 1000 जी. दोन केंद्रांवर दोन यंत्रं असली तर नमुने सारखे राहत नाहीत. आरपीएम नको, जी लिहा. प्रत्येक यंत्रावर त्याचा आरपीएम चिकटवून ठेवा.

नमुने साठवायला उणे 80 अंशांचा फ्रीजर प्रत्येकाला हवा असतो. घ्यावा, पण जनरेटरची जोडणी, तापमानाचा अलार्म आणि रविवारी तो अलार्म वाजल्यावर फोन उचलणारा माणूस, हे तिन्ही ठरल्यावरच. पावसाळ्यात वीज गेली आणि कुणाला कळलंच नाही, तर दोन वर्षांचे नमुने एका रात्रीत वाया जातात.

[दृश्य: रक्तदाबाचं यंत्र, शेजारी वही. आकडे: 130, 120, 140, 130, 120.]

निवेदन:
या वहीकडे नीट पाहा. प्रत्येक आकड्याच्या शेवटी शून्य. डिजिटल यंत्राने मोजलं तर शून्याने संपणारे आकडे दहात एक असायला हवेत. इथे सगळेच तसे आहेत, म्हणजे कुणीतरी अंदाजाने गोल करून लिहितंय. हे अभ्यास संपल्यावर कळून उपयोग नाही. दर शुक्रवारी आठवड्याचे आकडे काढून शेवटचा अंक तपासायला अर्धा तास पुरतो. माहिती भरायची रेडकॅपसारखी संगणक प्रणाली ना-नफा संस्थांना मोफत मिळते. वय 240 टाकलं तर ती तिथल्या तिथे हटकते. पण तिला हाताळणारा माणूस लागतोच.

आणि माणसं पुन्हा भेटली पाहिजेत. या वस्त्यांमध्ये गणपतीत आणि मे महिन्यात निम्म्या दारांना कुलूप असतं. शहापूर-मुरबाडच्या कातकरी वाड्यांवर दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. 'सहा महिन्यांनी पुन्हा भेट' हे कॅलेंडर समोर न ठेवता लिहिलं, की पाठपुरावा गळालाच. तिथल्या आशाताई हे पहिल्या दिवशीच सांगतात. त्यांना आराखड्याच्या बैठकीला बोलवायला हवं, आणि त्या कामाचं मानधनही द्यायला हवं.

[दृश्य: छोटं कार्यालय. एक कपाट, एक संगणक.]

निवेदन:
एवढी सगळी कामं धरून ठेवतो तो संशोधन समन्वयक. तो असतो कंत्राटावर. प्रकल्प संपला की पगार संपतो, तो वाशीच्या एखाद्या कंपनीत जातो, आणि त्याच्याबरोबर संमतीपत्राचे चांगले मसुदे, वस्त्यांतल्या ओळखी, चुकांची आठवण, सगळं जातं. पुढचा अभ्यास येरे माझ्या मागल्या. म्हणून कुठलंही विद्यापीठ पैसे घेऊन विचारायला आलं, तर आमचं उत्तर ठरलेलं आहे: पहिली खरेदी यंत्राची नको. एक समन्वयक आणि एक संख्याशास्त्रज्ञ विद्यापीठाच्या आस्थापनेवर घ्या, त्यांचा पगार प्रकल्पावर ठेवू नका. परदेशी भागीदार असेल तर नमुने कुणाचे, माहिती कुठल्या सर्व्हरवर राहणार आणि शोधनिबंधात पहिलं नाव कुणाचं, हे करारातच लिहून घ्या. आणि प्रत्येक अभ्यास संपताना चार गोष्टी विद्यापीठाच्या सर्व्हरवर जमा करा: मंजूर आराखडा, मराठी-हिंदी संमतीपत्रं, प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणारी कोडची वही, आणि काय काय बिघडलं त्याची तारीखवार नोंद. त्या चार गोष्टी जमा झाल्याशिवाय प्रकल्पाचा शेवटचा हप्ता सोडायचा नाही.